शुद्धिपत्र

तीनशे प्रती. प्रत्येकीत पान सत्तेचाळीस.
मंडळाचा पहिलाच संग्रह
कणकवलीच्या छापखान्यातून एसटीने आला,
गठ्ठ्यांना कुणाच्या तरी सुक्या गोलम्याचा वास घेऊन.
आणि सत्तेचाळिसाव्या पानावर, तिसऱ्या ओळीत,
'ओहोटी'तला 'हो' गळालेला.

म्हणून रविवारची बैठक वाचनाची नव्हती, चिकटवण्याची होती.
देवगड बंदरावर, बर्फ-फॅक्टरीच्या माडीवर,
जिथे आम्ही नेहमीच बसतो,
कारण भाडं नाही, आणि मॅनेजर होडेकर स्वतः गझल लिहितात.
खाली क्रशर सुरू झाला की थांबतात,
दुसरा मिसरा लाद्या फुटून झाल्यावर सांगतात.
त्यांच्या गझलेला आता ती सवय झालीय.

रेडकरबाईंनी तांदळाची खळ शिजवून आणली,
चिमूटभर मोरचूद घालून, कसर लागू नये म्हणून.
बाई रहस्यकथा लिहितात.
त्यांचे सगळे खून पुण्यात होतात.
देवगडात कुणी कुणाला मारलं
तर चहाच्या आधी गावभर होईल, म्हणतात,
मग लिहायचं काय?
इनास फर्नांडिस कात्री चालवत होता.
नाटकाच्या दुसऱ्या अंकात बारा वर्षं अडकलेला सुतार,
पण चिठ्ठ्या अशा कापल्या
की कागदाला रंधा मारलाय वाटावं.

'पान ४७, ओळ ३ : "ओटी"ऐवजी "ओहोटी" असे वाचावे.'
मजकूर माझा. मंडळाचा चिटणीस मी,
छत्तीस वर्षं लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेला
जामसंड्याचा मास्तर.

साडेपाचला शेवंती कोयंडे आली, लिलाव आटपून,
पाटी दाराबाहेर ठेवून, हात दोनदा धुऊन.
कविता तिचीच. आमच्यात ती एकटीच
बर्फाच्या पावत्यांच्या पाठीवर लिहिते.
तिने पुस्तक उघडलं, ओळीखालून बोट नेलं :

त्या वर्षी ओटी गेली ती परत आली नाही.

मुद्रणदोष आहे, मी म्हटलं, आत्ता झाकतो.
ती काही बोलली नाही.
कुणीतरी काहीतरी बोलायला हवं
म्हणून होडेकरांनी एक मिसरा म्हटला,
तेवढ्यात खाली क्रशर सुरू झाला,
आणि आम्ही खळीत बोटं बुडवून
तो थांबायची वाट बघत बसलो.

"ऱ्हवांदे," ती मग म्हणाली. "ह्याच बरोबर आसा.
ओटी गेलीच मां, मास्तरानु, मे म्हयन्यातल्या वादळात.
आदी तुळस, मगे ओटी.
आता आमी उंबऱ्यार बसान जाळी शिवतंव."

आमच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं.
आठवड्यातून दोनदा तिच्याकडून बांगडे नेतो आम्ही.
महिन्यातून एकदा तिच्या प्रतिमांवर बोलतो.

"आणि माका 'ओहोटी' खय ठावक? मी 'सुकती' लिवललंय.
ओहोटी तुमची."

फाइल काढून बघितलं. पावतीवर,
दोन लाद्या, वीस किलो चुरा यांच्या मागे,
माझ्या लाल रेघेखाली, 'सुकती' तशीच होती.
तिच्या घरी पाणी सुकतं, कधीपासून,
पाणी ओहोटतं ते माझ्या पुस्तकात.
मी तिच्या तोंडातलं पाणी बदललं,
छापखान्याने माझं बदललं,
आणि दोन चुका होऊन
ओळ तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

तोवर एकशे बारा प्रतींना चिठ्ठ्या लागल्या होत्या.
वाफ दिली तर निघतील, इनास म्हणाला.
माझी खळ आहे, निघायची नाही, बाई म्हणाल्या.
थोडं भांडण झालं. मग तशाच ठेवल्या.
माझ्या प्रतीला चिठ्ठी आहे.
असू दे म्हटलं, मला लागेल.

उरलेल्या एकशे अठ्ठ्याऐंशी तिने मागून घेतल्या.
"पाठ कोरी आसा," म्हणाली,
रबर लावून ब्लाउजात खोचल्या, ओल्या पाटीपासून लांब,
आणि जिना उतरली.

होडेकरांनी मग दुसरा मिसरा सांगितला.
पहिला कुणाच्याच लक्षात नव्हता.