न नेलेली औषधं

फुर्तादो गेले. बुधवारी, पहाटे,
बोटी धक्का सोडतात त्या वेळेला.
न्यू बेडफर्डच्या दक्षिण टोकाला
ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात ही बातमी
दार न वाजवता शिरली.

चौदाव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत
मी त्यांच्या दुकानाचा सायकलवाला पोऱ्या होतो.
खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुड्या,
पुड्यांवर त्यांचं उजवीकडे कललेलं अक्षर:
'जेवणानंतर. म्हणजे आधी जेवा.'
दुसरं वाक्य डॉक्टरांचं नसायचं.

गोळ्या मोजत पाच-पाचने,
चपट्या सुरीने, निळ्या ताटलीत.
पाच, दहा, पंधरा...
मध्येच कुणी विचारलं, 'मुली कशा आहेत?'
तर सुरी खाली ठेवून तिघींचं वेगवेगळं सांगत,
आणि मग पुन्हा पहिल्या पाचापासून.
दुकानात वेळ फार लागे.
खुर्च्या त्यांनी नंतर वाढवल्या.

हाताला गुण होता, म्हणतायत सगळे.
असेल.
मला आयोडीनने पिवळी पडलेली बोटं आठवतात,
रविवारी सकाळी तीन डोक्यांत अडकलेली.
देओलिंदा चर्चमध्ये गायला लवकर जायची,
वेण्या घालायचं काम यांच्याकडे.
ग्रासिंदाची वेणी कायम डावीकडे झुकलेली;
मागच्या बाकावरूनही कळे, कुणाची कारागिरी.

देवमाणूस वगैरे नव्हते हो.
पत्त्यांत लबाडी करत, तीही उघडउघड.
सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलले नाहीत
असोर्सच्या बेटावरल्या एका गोठ्यावरून,
ज्यात तोवर एकही गाय उरली नव्हती.
आणि खोटं बोलत.
खोकल्याच्या बाटलीसाठी आठवड्यात चौथ्यांदा आलेल्या खलाशाला
तोंडावर सांगितलं, 'संपलं.'
बाटली त्यांच्या पाठीमागे, मला दिसत होती, त्यालाही.
मग त्याला आत नेऊन
देओलिंदाचं केलचं सूप पाजलं, दोन वाट्या,
तो रडेपर्यंत.

एका जानेवारीत
आर्रुदाबाईंची पुडी मी परत आणली.
तिसरा मजला, बर्फाने निसरडा जिना,
आणि दारात शेजारणी, हलक्या आवाजात बोलणाऱ्या.
फुर्तादोंनी पुडी हातात घेतली,
चष्मा वर करून नाव पुन्हा वाचलं,
जसं काही माझ्याकडून पत्ता चुकला असेल.

मागच्या खोलीत, गरम पाण्याच्या पिशव्यांच्या वर
एक फळी होती. तोवर मी तिला
जुना माल समजत होतो.
तिथे ठेवली. नाव पुढे करून.
'फेकायची नाही?'
'पैसे भरलेत त्यांनी,' म्हणाले.
दुकानाचं शटर अर्धं ओढल्यावर पुन्हा म्हणाले,
'आणि नाव मी लिहिलंय.'

परवा मुलींनी ती खोली उघडली.
लिदुइनाने मला बोलावून घेतलं, काही न सांगता.
एकेचाळीस पुड्या, बाटल्या, एक मलमाची डबी.
धूळ नव्हती. कुणीतरी पुसत होतं, कालपरवापर्यंत.
डावीकडून नववी, माझ्या आईची.
हृदयाच्या गोळ्या, तीस.
'रात्री एक. मुलाला पत्र लिहा.'
मी तेव्हा अलास्कात होतो, बोटीवर.
पत्र आलं नव्हतं.
मी ते वाचून तिथेच बसलो,
त्या वाढवलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर.

ओदेत आता हायवेजवळच्या मोठ्या दुकानात असते,
जिथे गोळ्या यंत्र मोजतं आणि चुकत नाही.
वडिलांचं औषधही तिथूनच यायचं.
अजून रोज चार वाजता घरी फोन वाजतो,
रेकॉर्ड केलेली बाई सांगते:
'फुर्तादो, अमेरिको. आपलं औषध तयार आहे.'
देओलिंदा शेवटपर्यंत ऐकून घेते,
'ओब्रिगादा' म्हणते, फोन ठेवते.

ओदेतला म्हटलं, ते रद्द कर आता.
'करते,' म्हणाली.
अजून केलेलं नाही.