शंभर ग्रॅममागे

इलाही बागवान दुकानात आले तेव्हा
बोटांवर कच्च्या केळीचा चीक, काळा पडलेला.
म्हणाले, पाकिटावर तक्ता टाकून द्या,
त्याशिवाय सांगलीचे दुकानदार माल ठेवीनात.

लॅबचा कागद त्यांनी टेबलावर पसरला.
अंगठ्याखाली तेल उमटलं,
तेवढ्या जागी कागद आरपार झाला.

ऊर्जा : पाचशे एकोणीस.
म्हणजे भाकरी किती?
चार, मी म्हटलं. लहान असतील तर पाच.
ते हसले.
चार भाकरी खाल्ल्या तर माणूस ढेकर देतो,
ह्याचं तो दुसरं पाकीट फोडतो.

स्निग्ध पदार्थ : चौतीस.
तेल मी रोज गाळतो, ते लिहा की.
गाळण्याला रकाना नाही, चाचा.

सोडियम.
ओंजळीतलं मिठाचं पाणी ते उकळत्या कढईवर फेकतात,
कढई किंचाळते, दर्गा रोडवरचं कुत्रं उठून बसतं.
चाळीस वर्षांच्या त्या अंदाजाला
आज पहिल्यांदा आकडा मिळाला.

खाली एक ओळ उरली. पोटॅशियम : पाचशे छत्तीस.
ही सक्तीची नाही, मी म्हटलं,
आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला.

मंगळवार, शुक्रवार. मिरजेच्या दवाखान्यात
आमचा भालू चार तास मशीनला.
आहारवाल्या बाईंच्या यादीत केळ्यावर लाल फुली.
एकदा परतताना, कढईच्या वासाशी थांबला.
एकच दे, म्हणाला, मीठ झटकून.
चावला नाही.
जिभेवर मऊ पडेपर्यंत धरला,
मग तोंड फिरवून रुमालात ठेवला.
मी बसच्या पाट्या वाचत होतो.

बागवानांनी विचारलं,
पाचशे छत्तीस म्हणजे जास्त का?
कुणाला, ह्यावर आहे.
ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.
शेजारच्या गल्लीतच डायलिसिस, नाही का.
गिऱ्हाईक येतं तिकडनं. बायका जास्त,
बाहेर बसायचं म्हणून घेतात.

टाका ओळ. आणि अक्षर मोठं करा,
माझ्या गिऱ्हाइकाला चष्मे आहेत.

जाताना एक पाकीट ठेवून गेले, नको म्हणत असताना.
वर छापलेलं : चाळीस ग्रॅम.
कुरिअरच्या काट्यावर ठेवून बघितलं,
सेहेचाळीस भरलं.
पुन्हा ठेवलं.
सेहेचाळीस.