पीळ

धारबांदोड्याला हमरस्त्यावर आमचं गॅरेज.
शाणू मेस्त चाकांचा, मी तारांची.
मेस्ताला दिवा लागत नाही.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅलिपरवर टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाला,
पोराला चाक फिरवायला लावतो
आणि डोळे मिटून सांगतो, अजून वीस घाट.
किंवा काहीच न सांगता पाने शोधायला लागतो.

मला तसं ऐकू येत नाही.
माझ्याकडे मीटर आहे, आणि तारेची साधी गोष्ट:
पॅडच्या पोटात एक वेटोळं पुरलेलं असतं.
त्यातून वीज जाते आणि येते, जाते आणि येते,
तोवर सगळं गप्प.
पॅड झिजत झिजत तीन मिलिमीटरवर आलं
की डिस्क त्या तारेला गाठते, कापते,
आणि तुटल्यावर ती पहिल्यांदा बोलते.
डॅशबोर्डवर पिवळं वर्तुळ, दोन्ही बाजूंना तुटक कंस.
गिऱ्हाइकांना हे समजावताना
मला दरवेळी थोडं लाजल्यासारखं होतं,
घरातल्या कुणाबद्दल सांगत असल्यासारखं.

इनासची गाडी बेतूलहून निघते रात्री अकराला.
बांगडे, तारले, कधी इसवण, वर बर्फाचा चुरा.
अनमोड चढून पहाटे बेळगावच्या बाजारात.
बर्फाचं खारट पाणी फळ्यांतून गळतं
ते नेमकं मागच्या डाव्या चाकाच्या जोडावर.
मे महिन्यात तीनदा दिवा लागला.
तीनदा मी चाक उतरवलं. पॅड आठ मिलिमीटर, ठणठणीत.
खोटं बोलत होता तो हिरवा गंज.
चौथ्यांदा इनास म्हणाला,
"बाये, बंद कर गो ताका. रातभर म्हजेर दोळे काडटा."
आणि शंभराची नोट बॉनेटवर ठेवली.

नवा जोड मडगावहून यायचा होता.
मी दोन टोकं सोलली, पीळ घातला, काळी टेप गुंडाळली.
वीज गेली आणि आली, गेली आणि आली,
पॅडला न विचारता.
दिवा विझला. नोट मी घेतली.

मग मासेमारीची बंदी, दोन महिने गाडी उभी.
जोड आला तो खणात पडला, फ्यूजच्या डबीखाली.
काल रात्री फ्यूज शोधताना हाताला लागला.
नोव्हेंबर.
मी बोटांवर फेऱ्या मोजायला लागले
आणि बोटं पुरेनात.

फोन लावला. मोलेच्या पुढे रेंज मरते.
पुन्हा लावला.
मेस्त उठून बाकावर बसला, विडी न पेटवता.
मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही,
त्याने स्क्रूड्रायव्हर तेवढा जवळ ओढला.

सकाळी सव्वानऊला मेस्ताने मान वळवली.
मला दोन मिनिटांनी ऐकू आलं,
पिळयेच्या वळणावर, लोखंड लोखंडाला खात असलेलं.
गाडी आली, रिकामी, जळका वास घेऊन,
गॅरेज ओलांडून थोडी पुढेच थांबली.
इनास उतरला. पाय जमिनीवर टेकवून नीट उभा राहिला.
"आवाज येत होता," म्हणाला, "म्हणून रेडिओ मोठा केला."

डिस्कवर चर पडले होते, नख अडकेल असे.
मी पीळ कापला, किल्ली फिरवली.
पिवळा दिवा.
आम्ही तिघं दारातून वाकून त्याच्याकडे बघत राहिलो,
बराच वेळ, कोणी तो विझवायला हात घातला नाही.

मग मेस्ताने माझ्या हातातला तुकडा घेतला,
बोटभर तार, काळी टेप,
आणि सवयीने कानाला लावला.
"काय म्हणते?" इनासने विचारलं.
मेस्त ऐकत होता.
"कायच ना," म्हणाला,
आणि तुकडा मला परत दिला.