एक जानेवारी, सोळाशे चोवीस

तह दोन शहरांत झाला,
कारण दोघांचे देव एका दालनात मावेनात,
आणि दारातून आधी कुणी आत जायचं
यावरच सहा महिने गेले.
मग तीस वर्षांवर लाख ओतली,
वर राजघराण्यांचे शिक्के.

दुसरं कलम म्हणतं : झालं गेलं
सर्वांनी कायमचं विसरावं.
पाचवं म्हणतं : एक दिवस मात्र
नेमका आठवावा.
चोवीस सालच्या पहिल्या तारखेला
जे देऊळ ज्यांचं होतं, ते त्यांचं.

मी योब्स्ट त्सिर्केल, आयोगाचा कारकून.
माझ्या वहीत दोन रकाने आहेत,
आणि एक खेचर, तेही सरकारी.

ओटनरीटला पोचलो तेव्हा एप्रिल संपत आलेला.
गव्हाच्या जागी बर्च, माणसापेक्षा उंच.
एकशेवीस चुली होत्या म्हणे. मी धूर मोजला : अकरा.
गिरणीवाला ऑस्ट्रियाकडून पळून आलेला,
पाटीलकी करतो तो स्वीडनच्या फौजेतला घोडेस्वार,
पगार थकला म्हणून इथेच राहिलेला.
त्याची बायको बोहेमियाची.
या गावात जन्मलेलं असं
गावात एकच माणूस : वालबुर्गा, कोष्ट्याची विधवा.

ती सुपात बियाण्याची मसूर निवडत होती.
मी तारीख सांगितली.
"कुणाची पहिली?" तिनं विचारलं.
"आमच्याकडे पहिल्या दोन असायच्या.
ओढ्याच्या अलीकडे आधी वर्ष लागायचं,
पलीकडे दहा दिवसांनी.
आम्ही पोरं दोन्हीकडचा गोड पाव खायचो."

बाई, पेला आठवा, मी म्हणालो.
द्राक्षारस पाद्री एकटाच प्यायचा,
की लोकांपर्यंत यायचा?

"आईपर्यंत यायचा. बापापर्यंत नाही."
एक खडा तिनं बाजूला टाकला.
"पण त्या दिवशी देवळात कुणीच नव्हतं.
फाइट, माझा भाऊ, गिरणीच्या तळ्यात गेला होता,
बर्फ फुटून.
दोन्ही पाद्री काठावर पालथे पडलेले,
एकाचे पाय दुसऱ्यानं धरलेले.
ती पहिली यांची की त्यांची,
ते नाही सांगता येणार. थंडी होती."

वाचला?
"वाचला ना. एकतिसात नगारेवाल्यामागून गेला."
कुठल्या बाजूनं?
"ज्यांच्याकडे बूट होते त्या."

मग मी न विचारता ती सांगत राहिली.
कुठल्या सालच्या कुठल्या महिन्यात
कुणी शेळी नेली, कुणी दार, कुणी दाराची चौकट.
चौकट कशाला नेली असेल,
हे कोडं तिला अजून सुटलेलं नव्हतं.
मी तिला दुसरं कलम वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "माझं उलटं झालंय हो.
तुम्हाला हवा तो दिवस तेवढा धूसर,
बाकी सगळं लख्ख."

वहीत रिकामं देऊळ लिहायला जागा नव्हती.
दौतीत पाणी घातलं, टाक टोकरला,
पुन्हा दौतीत पाणी घातलं.

संध्याकाळी पाटलानं घंटा वाजवली.
शांतीबद्दल आभार मानायचे, असा वरून हुकूम होता.
दुसऱ्याच ठोक्याला गावातली सगळी पोरं
गाठोडी उचलून रानात पळाली,
लहानग्यांना काखेत मारून, आवाज न करता,
मोठ्यांनी शिकवलं होतं तश्शी.
घंटा म्हणजे घोडेस्वार,
एवढंच त्यांना ठाऊक.

कंदील घेऊन आम्ही हाका मारत फिरलो :
उर्बान, ओटिली, बार्थेल,
तो घोडेस्वार त्याच्या भाषेत, त्याची बायको तिच्या.
मसुरीचं सूप वालबुर्गानं खाली ठेवलं नव्हतं.

ती आली, बऱ्याच वेळानं, एकेक करून.
सगळ्यात शेवटी ओटिली.
तिच्या ओच्यात गुच्छी होत्या, मातीसकट.
पळता पळता दिसल्या, म्हणाली,
आणि माझ्या खेचराकडे बघत
तिथेच उभी राहिली, रानाच्या बाजूला.