एक जून

वकीलबाई रजिस्टरवर बोट ठेवतात,
'अक्षर तुमचंच, गुरुजी?'
माझंच.
त्या वर्षी माझ्या पहिलीतली एकोणीस पोरं
एक जूनलाच जन्मली,
निळ्या शाईतून.

इर्शादची आई दारात उभी होती :
'घ्या की गुरुजी, घरात ठरत न्हाई,
दिसंल ते लाथाडतंय.'
पाचाचा होता, सहाचा केला.
मला वाटलं, उपकार केला.

आता तेच एक वर्ष
सतरा वर्षांखालच्या संघाच्या दारात आडवं पडलंय.
संघटना म्हणते, दाखला म्हणजे दाखला.
मनगटाचा एक्स-रे म्हणतो, हाडं अजून जुळायचीत.
पण ती तपासणी वय चोरणाऱ्यांसाठी,
वय हरवलेल्यांसाठी नियमात ओळ नाही.

बाप गवंडी. नखांत सिमेंट.
'शाहू मैदानावर फायनल हुती, साहेब.
टायब्रेकर. आमच्या तालमीनं तिसरी हुकवली
आन् निरोप आला, पोरगा झाला.
तसाच पळालो.
कप कुणी नेला, दुसऱ्या दिवशी कळलं.'
कोर्टात हशा.
न्यायाधीश हसत नाहीत. 'तारीख?'
वकीलबाई पिवळं कात्रण पुढं करतात :
अकरा फेब्रुवारी.

मागच्या बाकाखाली
इर्शादचा उजवा पाय हलतोय,
चेंडू नसताना.

जबानी संपली.
कारकून कागद पुढं सरकवतो,
साक्षीदाराची जन्मतारीख राहिलीय लिहायची.

शपथेवर सांगायचं म्हणून जरा थांबतो.
मग सांगतो,
एक जून.