काट्यावरची बाई

धान्याच्या कोठारात छत्तीस वर्षं मी ट्रक तोलले.
भरलेला येताना, रिकामा जाताना;
मधला फरक तो मका.
आता संध्याकाळी इथं, प्रेस बॉक्सच्या कोपऱ्यात बसून
पिचरच्या घड्याळाचं बटण दाबते.
पंधरा सेकंद. बेसवर कुणी असेल तर अठरा.
एका सामन्याचे साठ डॉलर, वर एक हॉट डॉग.

लोक मला नावं ठेवतात.
"डार्लीन, जरा दम धर की!" पायऱ्यांवरून स्टकी ओरडतो.
फुटबॉलला शिट्टी, बास्केटबॉलला भोंगा,
आमच्या खेळाला मात्र घड्याळ नाही,
असं तो नातवंडांना सांगत आला,
आणि आता घड्याळ आहे, तेही माझ्या अंगठ्याखाली.

ऑरिन व्हँडरमोलन, सदतिसाव्यात, डावखुरा.
वेळ मारून नेणं ही त्याची अर्धी कला.
टोपी काढायची, आत बघायचं, जणू आत पत्र आहे.
बुटाचा चिखल. रोझिनची पिशवी.
डाव्या मैदानामागून मालगाडी निघाली
तर एकदा त्यानं एकशे बारा डबे जाऊ दिले.
बॅटर तोवर म्हातारा झाला.

त्याच फटींमध्ये आमचा संसार झाला, क्लाइडचा नि माझा.
गुडघ्यावर स्कोअरकार्ड, कानामागं पेन्सिल,
दोन चेंडूंच्या मध्ये तो बोलायचा:
छताला डांबर हवंय. लेकीचा फोन होता.
आणि एका ऑगस्टात, पिचर पिशवी थोपटत असताना,
डॉक्टर काय म्हणाले ते.
पंधरा सेकंदांत ते मावलं नसतं.
किंवा मावलंही असतं.
लहानच वाक्य होतं.

बेस आता तीन इंच रुंद झालेत, पिझ्झाच्या खोक्याएवढे.
ज्यांनी कधी धाव चोरली नाही
असे जाडे कॅचरसुद्धा पळून बघतात.
लँटिग्वा डावरा, त्याच्यासाठी पूर्वी तिघं
उजवीकडं दाटीवाटीनं उभे राहायचे, भिंतच ती;
तेही आता बंद, दोघं या बाजूला, दोघं त्या.
त्याचे मेलेले फटके पुन्हा गवतात पळू लागले
आणि पहिल्या बेसवर पोचून तो लाजतो,
दुकानदारानं सुटे जास्त दिल्यासारखा.

ऑरिन मात्र जूनभर हरत होता.
माझ्याकडं बघायचा नाही.
शून्य झालं की अंपायर हात उचलायचा: एक बॉल फुकट.
मी शून्य बनवत नाही हो. मी फक्त मोजते.

काल नववी इनिंग. दोन बाद. एका धावेची आघाडी.
पहिल्या बेसवर पाहुण्यांचा पेगेरो, एकोणीस वर्षांचा,
पाय असे की जमिनीला उसने दिलेत.
ऑरिननं दोनदा तिकडं चेंडू फेकून पाहिला.
नियमानं तेवढंच. तिसऱ्यांदा बाद झाला नाही
तर दुसरा बेस त्याला आंदण.
पोरानं हे जोखलं, म्हणून चार पावलं, पाच पावलं,
डोळे माझ्या आकड्यांवर.
त्याला पाठ होतं, म्हातारा दोनवर फेकतो.

नऊ. ऑरिन हलला नाही.
सहा. मालगाडी आली, त्यानं तिकडं पाहिलं नाही.
चार. टोपीला हात नाही.
तीन.
दोन, आणि पेगेरो सुटला.
ऑरिननं उजवा पाय उचलला आणि तिसऱ्यांदा,
ज्या फेकीला सगळं हरण्याची किंमत,
चेंडू पहिल्या बेसकडं.

पोरगा धुळीत मधोमध अडकला, दोन्हीकडं माणसं.
घड्याळावर एक तसाच उभा.

मग ऑरिननं वर पाहिलं, माझ्या काचेकडं,
आणि टोपी काढली.
आत बघितलं नाही.

घरी आले तेव्हा उजेड होता.
पंचवीस मिनिटं वाचतात म्हणे दर सामन्याला.
मी गाडीतच बसून राहिले, इंजिन बंद करून,
भरलेली आले की रिकामी, ते तोलत.