काटकोनी पट्टी

चॅड्रनहून ओमाहा, साडेसहा तास गाडी.
दोनदा कॉफी, एकदा हरीण आडवं.
हॉटेलच्या दारात पाटी : तळमजल्यावर मक्याचे बियाणे-विक्रेते,
दुसऱ्या मजल्यावर आम्ही.
कापडी पिशवी मिळाली, पेन, पेपरमिंटच्या गोळ्या
आणि गळ्यात बिल्ला :
लव्हर्न कुखार, न्यायवैद्यक परिचारिका.
चर्चमध्येसुद्धा जे मी नुसतं ‘इस्पितळात असते’ म्हणून उरकते
ते आज छातीवर ठळक अक्षरांत.

लिफ्टमध्ये बियाण्यांतला एक जण म्हणाला,
नर्स का? कुठला वॉर्ड?
म्हटलं, रात्रपाळी.
अवघड असतं, म्हणाला.
म्हटलं, तुमच्याकडे गारा पडल्या का यंदा?

जेवताना आठ जणींचं गोल टेबल.
गळ्यावरचे वळ कधीकधी दोन दिवसांनी उमटतात,
असं डेल्फीन सांगत होती, पावाला लोणी लावत,
आणि पाणी वाढणारा पोरगा
जग तसाच धरून उभा राहिला.
आम्ही आवाज खाली आणला.
थोड्या वेळानं पुन्हा चढला.
इतक्या मोठ्यानं हे बोलायला मिळतं कुठे?
सीमेवरच्या गावातून आलेली ओरालिया म्हणाली,
नाताळची पाकिटंही मी आता जिभेनं चिकटवत नाही.
आपली लाळ पुराव्यात नको, ही सवय
घरातल्या टपालापर्यंत गेली.
आम्ही हसलो, डोळ्यांत पाणी येईतो.
ओलं काही प्लास्टिकमध्ये बांधू नये, कुजतं;
कागदी पिशवी घ्यावी, वाळू द्यावं.
हे आम्हां आठही जणींना पाठ.
आपल्या स्वतःपुरतं मात्र
कुणी वाळत घालत असेल असं वाटलं नाही.

दुपारी अंधारलेलं सभागृह. विषय : छायाचित्रं.
विसावी की एकविसावी स्लाइड.
एक दंड, आतल्या बाजूनं. चार गोल डाग, एक पलीकडे.
शेजारी काटकोनी पट्टी.
पट्टीचा कोपरा तुटलेला.

तो कोपरा माझ्या हातून तुटला होता,
फरशीवर पडून, मार्चमध्ये.

बाई म्हणाल्या, बघा, कॅमेरा अगदी सरळ, सावली नाही,
असं काम हवं.
शेजारची वहीत लिहून घेत होती.
मी हात वर केला नाही.

चौकटीत जे आलं नाही ते :
दुसऱ्या हातात तिनं धरलेला बिस्किटाचा पुडा, न फोडलेला.
माझ्या भावाकडे अशीच पट्टी आहे, भूमितीची, असं म्हणाली ती.
मी ते अवतरणचिन्हांत लिहिलं,
नियम आहे, तिचे शब्द तिचेच ठेवायचे,
‘कथित’ नाही, ‘म्हणे’ नाही.
अर्जाच्या शेवटी चौकोन होता : शिकवण्यासाठी वापरावं का?
कुणाच्या उपयोगी पडेल का, तिनं विचारलं.
मी म्हटलं, पडेल.
तिनं खूण केली. इतकी दाबून की खालचा कागद फाटला.

कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतलेले;
कपाटातली राखाडी विजार दिली, लांब होत होती.
गुडघ्यांवर बसून मी घोट्यांपाशी
दोन-दोन घड्या घातल्या.

पुढं काय झालं मला कुणी कळवलं नाही.
पाकीट द्यायचं, सही घ्यायची,
आमच्या हातातली साखळी तिथं सुटते.
आत्ता विचारता आलं असतं.
तेवढ्यात पुढची स्लाइड आली, कुणाची तरी पाठ.

परतताना कीअर्नीला थांबले.
सहा विजारी घेतल्या, आखूड मापाच्या.
गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, टीमसाठी का?
हो, म्हटलं.
कुठला खेळ?
मी पाकिटात सुटे शोधत राहिले.
बिल्ला गळ्यात तसाच होता,
तिनं वाचला असावा.
पिशवी तिनं कागदाची दिली.